औषध दिल्यानंतर बाटली हलवावी

गुरुवार, सकाळचे साडेनऊ

आदरणीय साडूसाहेब,

धाकट्या साडूचा वाकून नमस्कार. (प्रत्यक्षात कंबर आता एवढी वाकत नाही, पण कागदावर वाकायला काही लागत नाही.) तुमचा डावा गुडघा जिने चढू देतो का? ताईंचा रक्तदाब उतरला का? सासूबाईंची नवी कवळी तोंडात बसली, की अजून वाटीतूनच सगळ्यांकडे बघून हसते? आम्ही दोघं बरे आहोत. हिचं डोकं अधूनमधून दुखतं, पण त्याचं कारण मीच असल्यामुळे त्यावर अजून औषध निघालेलं नाही, आणि निघालंच तर त्याचा मक्ता तुमच्याच कंपनीकडे जाईल.

पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. फोन असताना हा माणूस कागद का खर्च करतो, असंही वाटेल. पण सांगायचं आहे ते धंद्याचं, आणि सासूबाईंचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. थोरला जावई मूळ औषध काढणाऱ्या मोठ्या कंपनीत आणि धाकटा त्याच औषधाची नक्कल करायला टपलेल्या छोट्या कारखान्यात, हे कळल्यावर त्या माउलीने भर पंगतीत ठणकावलं होतं, "माझ्यासमोर औषधाचं नाव काढायचं नाही. काढलंत तर दोघांनाही तेच पाजीन." तेव्हापासून अकरा वर्षं आपण फक्त गुडघा आणि हवामान यांवर बोलत आलो आहोत. गेल्या शनिवारपासून मी तुम्हाला तीनदा फोन केला. पहिल्यांदा तुम्ही मीटिंगमध्ये होता. दुसऱ्यांदा मीटिंगला निघाला होता. तिसऱ्यांदा मी "ते तुमचं औषध" एवढंच म्हणालो, तर "थांब, आईंना देतो" म्हणून तुम्ही फोन सासूबाईंच्या हातात दिलात आणि मी अर्धा तास कवळीची कथा ऐकली. म्हणून हे पत्र. नियम जेवणाच्या पंगतीपुरता आहे, तेव्हा जेवताना वाचू नका म्हणजे झालं.

तर मागच्या आठवड्यातल्या मंगळवारी पहाटे मी देवापुढे दिवा लावला, रोजचा जप उरकला (उरकला हा शब्द बरा नाही, पण त्या दिवशी झालं तेच, आणि देवाने ते पाहिलं असणार), आणि सहाच्या ठोक्याला औषध मंजुरी कार्यालयाच्या बंद दाराला नाक लावून उभा राहिलो. बरोबर सतरा खोकी होती. सतरा खोकी म्हणजे एक अर्ज. कारखान्याच्या गाडीवाल्याने ती पायरीवर उतरवली आणि "एका बाटलीसाठी एवढं?" असं विचारून तो निघून गेला. त्याला काय सांगणार? बाटली एका हातात मावते, तिची परवानगी मावत नाही.

आता पुढचं तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. पण हे पत्र तुमच्या आधी ताई वाचणार (वाचा ताई, संकोच नको), म्हणून त्यांच्यासाठी थोडं खुलासेवार लिहितो. जो औषध शोधतो त्याला काही वर्षं ते एकट्याने विकण्याचा मक्ता मिळतो. ते योग्यच आहे. शोधणाऱ्याने डोकं आणि पैसा दोन्ही खर्च केलेले असतात. मक्ता संपला की आमच्यासारख्यांनी त्याची हुबेहूब नक्कल करून स्वस्तात विकावी, असा कायदा आहे. पण मूळ कंपनीने मधल्या काळात औषधात काही उपयोगी सुधारणा केली तर तिला आणखी तीन वर्षं मिळतात. लहान मुलांच्या आकडीवरचं तुमचं ते पांढरं पातळ औषध, त्याच्या पहिल्या मक्त्याची मुदत संपत आली तेव्हा मी पहिला अर्ज तयार केला. त्याच महिन्यात तुम्ही त्यात संत्र्याचा स्वाद घातलात. तीन वर्षं. संत्र्याचा अर्ज तयार केला, तर तुम्ही साखर काढलीत. तीन वर्षं. बिनसाखरेचा तयार केला, तर तुम्ही झाकणाचंच माप केलंत आणि आत सोप्या भाषेतलं माहितीपत्रक घातलंत. पुन्हा तीन. दर वेळी जुनी बाटली तुम्ही बाजारातून उचलता, आणि जी बाजारातच नाही तिची नक्कल काढून डॉक्टरांना कोण दाखवणार? औषध तेच, मुलांची आकडी तीच, बाटली मात्र दर तीन वर्षांनी नवा अंगरखा शिवून घेते. आमच्या तीन अर्जांची रद्दी विकत घेणारा माणूस अजून मला भेटला की विचारतो, "साहेब, पुढचा कधी?"

आणि नक्कल म्हणजे तरी किती नक्कल! चोवीस धडधाकट माणसांना आकडीचं औषध पाजून, दर तासाला त्यांचं रक्त काढून, तुमचं औषध जेवढं रक्तात उतरतं तेवढंच आमचंही उतरतं हे दाखवावं लागलं. त्यातला एक जण चौथ्या वेळी मला म्हणाला, "काका, आकडी आली नव्हती, आता येईल." आमचा संत्र्याचा स्वाद तुमच्यापेक्षा जरा जास्त संत्र्यासारखा निघाला म्हणून तो फिका करून घ्यावा लागला. माहितीपत्रक तर शब्दाला शब्द तेच हवं. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तर अर्ज परत. एवढं करून जो पहिला अर्ज देईल त्याला बक्षीस असं की, सहा महिने दुसऱ्या कुणाला नक्कल विकता येणार नाही. सहा महिने म्हणजे आमच्या कारखान्याला जीवदान. साडूसाहेब, आमच्याकडे चाळीस माणसं आहेत आणि गेले वर्षभर दोनच यंत्रं चालतात. बाकीच्या यंत्रांवर आम्ही डबे ठेवतो, जेवणाचे.

दहाला खिडकी उघडली तेव्हा माझ्यामागे आठ जण होते. माझ्या लगेच मागे एक चष्मेवाला होता, दुसऱ्या कारखान्यातला, आमच्याएवढाच थकलेला. मी प्रतिज्ञापत्रावर सही करताना एक क्षण डोळे मिटले (देवाचं नाव घ्यायची सवय), तर तो मागून म्हणाला, "सही करताय की ध्यान लावताय? आम्हालाही मोक्ष पाहिजे." मी सही केली. खिडकीवरच्या बाईंनी शिक्का मारला. क्रमांक एक, दहा वाजून सहा मिनिटं. साडूसाहेब, पन्नाशीला आलेला माणूस मी, पण त्या शिक्क्याची शाई वाळेपर्यंत तिच्यावर फुंकर घालत उभा राहिलो. मालकांना फोन केला. ते काहीच बोलले नाहीत. मग कळलं की त्यांनी फोन टेबलावर ठेवला होता आणि ते कारखान्यात ओरडत गेले होते.

पोचपावती बारा वाजता मिळणार होती. मी बाकावर बसलो. जप सकाळी उरकलेला म्हणून तो पुन्हा नीट केला. तरी अकराच वाजले. जवळ वाचायला काही नव्हतं म्हणून माहितीपत्रक काढून वाचायला लागलो.

इथे आमची कामाची एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर तुम्ही मला मूर्ख समजाल. (समजाच, पण पद्धत ऐकून मग समजा.) शब्दाला शब्द जुळवायचा असेल तर मजकूर सरळ वाचायचा नसतो. सरळ वाचलं की अर्थ लागतो, अर्थ लागला की डोळा पुढे धावतो आणि चूक सुटते. म्हणून आम्ही शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे वाचतो. माझी सहकारी बाई तुमचा कागद उलटा वाचते, मी आमचा उलटा वाचतो, आणि प्रत्येक शब्दावर टिचकी मारतो. असं आम्ही ते पत्रक तेरा वेळा वाचलं. "हलवावी चांगली बाटली दिल्यानंतर औषध मुलाला." टिक, टिक, टिक. तेरा वेळा बरोबर. पण सरळ, सुलट, एखाद्या बापाने वाचावं तसं मी ते आयुष्यात पहिल्यांदा त्या बाकावर वाचलं.

"मुलाला औषध दिल्यानंतर बाटली चांगली हलवावी."

मी पुन्हा वाचलं. मग तुमची मूळ बाटली पिशवीतून काढली, तिच्यातलं पत्रक उलगडलं. तेच. दिल्यानंतर. साडूसाहेब, हे औषध पाण्यात विरघळत नाही, नुसतं तरंगतं आणि तासाभरात खाली बसतं, हे तुम्ही मला शिकवायची गरज नाही आणि मी तुम्हाला. आधी हलवलं नाही तर वरच्या चमच्यात पाणी आणि तळाच्या चमच्यात सगळा गाळ. पूर्वी बाटलीवरच 'आधी हलवा' असं ठळक छापलेलं असायचं. पण संत्र्याचं चित्र मोठं झालं आणि ती ओळ 'माहितीपत्रक पाहावे' अशी झाली. आणि माहितीपत्रक तीन वर्षांपूर्वी कुणी लिहिलं, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. ताईंच्या वाढदिवसाला नियम मोडून तुम्ही ते सगळ्यांच्या हातात दिलं होतंत. "एकेक शब्द माझा आहे. कुठल्याही आईला समजेल अशी भाषा." सासूबाई म्हणाल्या, "अक्षर वळणदार आहे हो." मी म्हणालो, "वा!" ते न वाचताच म्हणालो, हे आज कबूल करतो. तेव्हा नीट वाचलं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. त्यामुळे या गोष्टीत अर्धा दोष माझा आहे, तो मी आधीच बाजूला काढून ठेवतो.

मी खिडकीशी परत गेलो. बाईंना म्हटलं, "समजा, मूळ औषधाच्या पत्रकात एक चूक असेल, तर नक्कलेत काय करायचं?" त्या मान वर न करता म्हणाल्या, "मूळ औषधात चूक नसते. चूक नक्कलेत असते."

"पण समजा असली तर?"

"तर तुमच्यातही तीच पाहिजे. नसली तर ती चूक धरू."

मी पोचपावती घेतली आणि घरी आलो. मध्ये पेढेवाल्याकडे नाही, देवळातही नाही, सरळ घरी. माझ्या प्रतिज्ञापत्रात लिहिलं होतं की हे पत्रक मुळाबरहुकूम आहे आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यात रुग्णाला अपाय होईल असं काही नाही. दहा वाजून सहा मिनिटांनी ते खरं होतं. अकरा वाजून दहा मिनिटांनी नव्हतं. देव कुठली वेळ धरतो, याचा मी बराच विचार केला.

मालकांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते वाईट नाहीत. त्यांनी पत्रक दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "किती वर्षं विकलं जातंय हे?" मी म्हटलं, तीन. "कुणाची तक्रार?" मी म्हटलं, माहीत नाही. "मग झालं तर. लोक शहाणे असतात. अहो, आपण नक्कल करतो. शहाणपण करायचं काम मूळवाल्यांचं." मग यंत्रांकडे बघत म्हणाले, "मला हे सांगितलं नसतंत तर बरं झालं असतं." मलाही तेच वाटत होतं.

शुक्रवारी मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून तुमची एक बाटली विकत आणली. स्वयंपाकघरात फडताळावर एक दिवस न हलवता ठेवली, आणि शनिवारी सकाळी सहा काचेचे पेले मांडून हळूहळू तिच्यातलं औषध काढलं. पहिला पेला नळाच्या पाण्यासारखा. शेवटचा चुन्याच्या निवळीचा तळ. ही बाजूला उभी राहून बघत होती. तिला आधी वाटलं मी पेल्यांना रंग देतोय. मी समजावलं तेव्हा तिने ते सहाही पेले अशा जोराने घासले की एक फुटला. "भाऊजींना फोन करा," म्हणाली. तुमच्याबद्दल तिला फार आदर आहे. "ते हुशार आहेत, त्यांच्या लगेच लक्षात येईल." पुढे म्हणाली, "तुमच्या लक्षात यायला तेरा वेळा लागल्या." मग मी ते तीन फोन केले, त्यांचं काय झालं ते वर आलंच आहे.

सोमवारी मी त्याच दुकानदाराला विचारलं, लोक ही बाटली आधी हलवतात का? तो म्हणाला, "जे कागद वाचत नाहीत ते हलवतात. सवयीने. जे वाचतात ते कागदाप्रमाणे करतात." आणि त्याने काउंटरशी उभ्या असलेल्या एका गृहस्थाकडे बोट केलं. बसमध्ये कंडक्टर आहेत, तिकीट देऊन देऊन अंगठा काळा पडलेला. मुलगी सात वर्षांची. त्यांनी खिशातून तुमचं पत्रक काढलं. साडूसाहेब, घडीवर फाटेल म्हणून त्याला मागून पट्टी चिकटवलेली, आणि प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीची खूण. इतक्या आदराने कुणी माझा एकही कागद वाचलेला नाही. मी विचारलं, गुण कसा आहे? ते म्हणाले, "नव्या बाटलीला पहिले पंधरा दिवस आकडी येतच राहते. मग थांबते, पण मग पोरगी शाळेत झोपते. बाई म्हणतात आळशी आहे." म्हणून ते दर वेळी डोस चुकला की काय हे बघायला पत्रक पहिल्यापासून पुन्हा वाचतात.

मी त्यांना सांगितलं, आधी हलवा. त्यांनी माझ्याकडे, फुकट प्रवास करणाऱ्याकडे बघावं तसं पाहिलं. "तुम्ही डॉक्टर?" नाही. "दुकानात काम करता?" नाही. "मग छापलेलं खरं की तुमचं?" मी म्हटलं, माझं. ते म्हणाले, "मग छापून आणा." शेवटी दुकानदाराने त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला, डॉक्टर तिकडून ओरडले, तेव्हा त्यांनी पेन्सिल काढली. 'नंतर' खोडायला त्यांचा हात होईना. त्यांनी ते तसंच ठेवलं आणि वर बारीक अक्षरात 'आधी' लिहिलं. मग मला म्हणाले, "एवढी मोठी कंपनी. असं कसं लिहितील?" लिहिणारे माझे साडू आहेत, असं मी मुळीच म्हणालो नाही.

त्या एका बापाला फोन मिळाला. बाकीच्यांकडे फक्त कागद आहे.

आता माझी अडचण ऐका. या कार्यालयात कुणीही सुरक्षेची सूचना देऊ शकतो, एका पानाचा फॉर्म आहे, सतरा खोकी लागत नाहीत. सूचना आली की तुमच्या कंपनीला पत्रक बदलावं लागेल. तुमचं बदललं की आमचं तुमच्यासारखं राहणार नाही, आणि आमचा अर्ज, क्रमांक एकसकट, बाद. फक्त आमचाच नाही. माझ्यामागच्या आठही जणांनी तुमचं पत्रक तितक्याच भक्तिभावाने उतरवलेलं आहे (त्या चष्मेवाल्याने बहुधा पंधरा वेळा उलटं वाचलं असेल). एका पानाने सगळी रांग आडवी होईल. म्हणजे जी जागा मिळवायला अकरा वर्षं लागली ती मी स्वतःच्या हाताने सोडायची, आणि मालकांना तोंड दाखवायचं, आणि त्या बंद यंत्रांवर डबे ठेवून जेवायचं. वर तुमची कंपनी बदललेल्या पत्रकाला सुधारणा म्हणणार, आणि सुधारणेची आणखी तीन वर्षं घेणार. म्हणजे चूक तुमची, दाखवणार मी, आणि बक्षीस तुम्हाला. असा न्याय फक्त आपल्या सासरी चालतो असं मला वाटायचं.

आमच्या गावच्या शाळेत एकच खोली होती आणि चार इयत्ता. गुरुजींचा एक नियम होता, की पाटीवरची चूक मुलाने स्वतः आधी दाखवली तर अर्धा गुण परत. त्यांनी ती काढली तर शून्य. मी त्या अर्ध्या गुणांवर पास होत आलो. पण गुरुजींनी हे कधी सांगितलं नाही की चूक शेजारच्या मुलाच्या पाटीवर असेल, आपण तिची नक्कल केलेली असेल, आणि नक्कलेलाच पहिला नंबर मिळालेला असेल, तर काय करायचं. आमच्या चार इयत्तांत हा धडा नव्हता.

म्हणून तुमचा सल्ला मागतो आहे. तुम्ही वयाने, पगाराने आणि गुडघ्याने माझ्यापेक्षा ज्येष्ठ आहात. फॉर्म मी भरून ठेवला आहे, पाकीट माझ्यासमोर आहे. तुम्ही सांगाल तसं करीन. थांब म्हणालात तर थांबेन. सवडीने कळवा, घाई नाही.

ताईंना नमस्कार, सासूबाईंच्या पायांवर (आणि कवळीवर) डोकं ठेवतो.

आपला,
धाकटा साडू

ता. क. हे पत्र पोस्टाने नाही, हिच्या हाती पाठवतो आहे. ती दुपारच्या गाडीने ताईंकडे येते आहे. तिने वाटेत उघडून वाचलेलं असेल. तरी तुम्ही घेताना पाकीट बंद आहे असंच समजा.

ता. क. दुसरा. सल्ल्याबद्दल वर जे लिहिलं ते खोडत नाही, अक्षर चांगलं आलं आहे, पण ते मनावर घेऊ नका. खरं काम वेगळंच आहे. पत्रक बदलण्याच्या तुमच्या अर्जावर पहिल्याच पानावर दोन चौकोन असतात. एक 'सुधारणा'चा, दुसरा 'चूक'चा. पहिल्यावर खूण केली तर तीन वर्षं. दुसऱ्यावर केली तर मक्ता नाही, पण कंपनीने बाहेरची सूचना यायच्या आत स्वतःहून केली असेल तर दंडही नाही. मी खिडकीवरच्या बाईंना मुद्दाम फोन करून विचारलं की 'चूक'वर आजवर कुणी खूण केली आहे का. त्या म्हणाल्या, "तो चौकोन छापखान्याकडून जास्तीचा आला असं आम्ही धरून चालतो." साडूसाहेब, माझी विनंती एवढीच, की त्या चौकोनाचं उद्घाटन तुमच्या हाताने व्हावं. तुमच्या कंपनीत हा अर्ज तुम्हीच भरता. एक तिरकी रेघ, तिच्यावर एक उलटी तिरकी रेघ. गुडघ्याला काही ताण नाही. मग नवं पत्रक निघेल, आम्ही नऊ जण पुन्हा रांगेत उभे राहू, आणि पहिला कोण येईल ते देव आणि पहाटेच्या गाड्या ठरवतील.

ता. क. तिसरा. मालकांच्या टेबलावर मी काल सूचनेची एक प्रत ठेवली होती. आज त्यांनी ती वाचली. मग म्हणाले, "पोस्टाचं तिकीट स्वतःचं लावा. कंपनीचं लावायचं नाही." याला मी परवानगी समजतो.

ता. क. शेवटचा. आता साडेअकरा झाले. मी खाली जाऊन आलो. सूचना साध्या टपालाने टाकली आहे, तिकीट माझंच लावून. पेटीत हात कोपरापर्यंत घालून पाहिला, परत येत नाही. साधं टपाल सोमवारच्या आधी त्या कार्यालयात पोचत नाही, आणि शनिवार-रविवार ते बंद असतं, म्हणजे तुमच्याकडे उद्याचा अख्खा दिवस आहे.